घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मशीन : प्लेट वाचण्यापासून पट्टा चढवण्यापर्यंत

सेलूत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवाळी उलटली की तिथे दोन तऱ्हेची माणसं येतात. रब्बीच्या पाण्याची घाई असलेले शेतकरी जळालेली मोटर घेऊन येतात, त्यांचं काम ठरलेलं. दुसरे येतात ते मोबाइलमधला फोटो दाखवत. वाळूजच्या एखाद्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं ड्रिल, लातूरकडून आलेलं मिरची-हळदीचं पल्व्हरायझर, नांदेडच्या भंगारात सापडलेला लेथ. मशीन चांगलं, किंमत निम्मी, टेम्पोत घालून घरी आणलं, आणि मग कळलं की याला थ्री फेज लागते. घरी तर पोलवरून दोनच वायरी आलेल्या.

प्रश्न ठरलेला असतो : "मामा, कंडेन्सर टाकून चालंल का?"

चालेल, पण बहुतेक वेळा तसं चालवू नये. माझा अंदाज आधीच सांगून टाकतो. २ एचपीपर्यंतचं मशीन घरच्या लाईनवर व्यवस्थित चालतं. ३ एचपी काठावर आहे; लाईन चांगली असेल तर जमतं. ५ एचपी असेल तर ड्राइव्हच्या (एका फेजपासून तीन फेज घडवणाऱ्या यंत्राच्या) खर्चात पडण्याआधी थ्री फेज कनेक्शनचा अर्ज करा. आणखी एक : प्लेट वाचणं, व्होल्टेज मोजणं, काय घ्यायचं ते ठरवणं ही कामं तुम्हीच करा. टर्मिनल बॉक्स आणि मीटरकडची वायरिंग मात्र लायसन असलेल्या वायरमनच्या हातून करून घ्या.

मोटरला तीन फेज कशाला हवेत

जातं आठवा. खुंटा धरून हात नुसता पुढे-मागे केला तर पाळू फिरत नाही, जागेवर हिसके खातं. हात गोल फिरावा लागतो. पण जातं एकदा वेगात फिरायला लागलं की नुसत्या पुढे-मागे झटक्यांनीही ते फिरत राहतं. सिंगल फेजचं अगदी असंच आहे. तिचं चुंबकीय क्षेत्र एका रेषेत कमी-जास्त होतं, गोल फिरत नाही. थ्री फेजमध्ये तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांनी मागे-पुढे असतात, म्हणून क्षेत्र आपोआप फिरतं आणि रोटरला ओढून नेतं. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, रोटर थोडा मागे राहतो, म्हणून प्लेटवर १४४० च्या आसपासचा आकडा दिसतो.

थ्री फेज मोटरला एकच फेज दिला तर ती "घुमायली पन फिरंना" अशी होते आणि दोन-चार मिनिटांत वाइंडिंग काळं पडतं. चालत्या मोटरचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, उरलेल्या दोन वायरींतून दीडपटीहून जास्त करंट ओढत राहते. माझ्याकडे भरायला येणाऱ्या मोटरींत एक फेज जाऊन जळालेल्या बऱ्याच असतात.

एका फेजपासून हे फिरणं कसं तयार करायचं, एवढाच प्रश्न आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी त्यावर कंडेन्सरचा तोडगा फार आधी काढला. शेतीच्या लाईनला थ्री फेज आठ तास, बाकीच्या वेळी सिंगल फेज, मग कंडेन्सर लावून विहिरीवरची मोटर चालवायची. एका डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) दहा जणांनी हेच केलं की सगळा भार एकाच फेजवर येतो, डीपी जळते आणि पिकं ऐन भरात असताना सगळा शिवार कोरडा राहतो. घरी २ एचपीचं मशीन चालवताना हे कायम ध्यानात ठेवा. तुम्ही ओढलेला करंट गल्लीतल्या सगळ्यांच्या फेजमधून येतो.

पहिलं काम : प्लेट आणि झाकण

मोटरवरची प्लेट केरोसीनच्या फडक्याने पुसा आणि फोटो काढा. चार गोष्टी बघायच्या : किलोवॅट किंवा एचपी, व्होल्ट, अँपिअर आणि जोडणी स्टार की डेल्टा. स्टारमध्ये तिन्ही वाइंडिंगांचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असतं, डेल्टामध्ये ती एकामागे एक त्रिकोणात जोडलेली असतात. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ४१५ व्होल्टवर १ एचपीची मोटर साधारण १.८ अँपिअर घेते, २ एचपीची ३.४, ३ एचपीची ४.८ आणि ५ एचपीची ७.५ च्या आसपास. प्लेटवरचा आकडा यापेक्षा फारच वेगळा दिसला तर प्लेट दुसऱ्या मोटरची असू शकते. भंगारात हे चालतं.

सगळ्यात महत्त्वाची आहे स्टार-डेल्टाची नोंद. आपल्याकडे छोट्या, साधारण २-३ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्याहून मोठ्या बहुतेक डेल्टामध्ये. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्ट येतात. म्हणजे ते वाइंडिंग मुळात २४० चंच आहे! तीच मोटर डेल्टामध्ये जोडली की २३० व्होल्टच्या थ्री फेजवर ती पूर्ण ताकदीने चालते. घरच्या लाईनवर छोटी मशीनं चालतात ती यामुळेच. करंट मात्र १.७३२ पट होतो : २ एचपीचे ३.४ अँपिअर आता ५.९ होतात. हा नवा आकडा कागदावर लिहून ठेवा, ड्राइव्ह निवडताना तोच लागणार आहे.

प्लेटवर ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर ही युक्ती लागू नाही. त्या वाइंडिंगला ४१५ हवेत. २३० दिले तर ताकद तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते. मोटर रिकामी फिरेल, दळताना अडकेल.

आता टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडा. सहा स्टड (वायर आवळायचे बोल्ट) असतील तर काम सोपं. तीनच वायरी बाहेर असतील तर स्टारचा जोड वाइंडिंगच्या आत बांधलेला असतो. चांगला रिवाइंडर तो जोड उकलून तीन जास्तीच्या वायरी बाहेर काढून देतो. पूर्ण मोटर भरण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. पण वार्निश जुनं होऊन कडक झालेलं असेल तर उकलताना तार तुटते, तेव्हा आधी त्याला मोटर दाखवा. बोअरच्या सबमर्सिबलच्या बाबतीत या फंदात पडूच नका. सिंगल फेजचा पंप पॅनेलसकट बाजारात मिळतो, तो घ्या.

मोटरपलीकडे मशीनमध्ये काय आहे तेही बघा. लेथला कूलंटचा छोटा पंप असतो, काँटॅक्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असू शकते, दिव्याचा ट्रान्सफॉर्मर असतो. हे ड्राइव्हच्या आउटपुटवर जोडायचं नसतं, त्यांची सोय वेगळी करावी लागते. तीन हीटर २३० व्होल्टचे आणि स्टारमध्ये असतील तर आनंद आहे : तिन्ही सरळ फेज-न्यूट्रलला समांतर जोडले की झालं, फक्त वायर आणि मीटर तेवढा भार झेलणारा हवा. दोन फेजवर चालणाऱ्या जुन्या वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरला ड्राइव्ह चालत नाही, त्याऐवजी सिंगल फेजचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्यावं. इथे एक गावठी उद्योग सांगतो, तो करू नका म्हणून. आपला फेज आणि शेजाऱ्याच्या मीटरचा वेगळा फेज एकत्र करून ४१५ व्होल्ट काढणारे लोक आहेत. एका घराचा मेन बंद केला तरी दुसऱ्या घरातून ती वायर जिवंत राहते. दुरुस्तीला आलेल्या वायरमनला हे माहीत नसतं.

दुसरं काम : घरची लाईन

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. गावाकडे तो अनेकदा १ किलोवॅटच असतो, कारण घर बांधलं तेव्हा दोन पंखे आणि चार बल्ब होते. मीटर बहुतेक ५-३० अँपिअरचा. ३० अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त ६.९ केव्हीए, आणि त्यातच फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर हे सगळं आलं.

मल्टिमीटर घ्या आणि मशीन जिथे ठेवणार त्या जागेवरच व्होल्टेज मोजा. दुपारी एकदा, संध्याकाळी सातला एकदा, आणि जमलं तर रब्बीच्या ऐन पाणीपाळीत एकदा. नुसतं रिकामं मोजून उपयोग नाही. २ किलोवॅटचा गीझर किंवा हीटर लावा आणि पुन्हा मोजा. २२५ वरून २१५ वर आलं तर ठीक. २०० च्या खाली घसरलं तर दोष सर्व्हिस वायरमध्ये, ढिल्या न्यूट्रलमध्ये किंवा गल्लीच्या शेवटच्या पोलवर आहे. तो आधी काढा, नाहीतर कितीही भारी ड्राइव्ह घेतला तरी फायदा नाही.

घरातली वायर छोटी वाटते पण घात तिथेच होतो. मेनपासून शेड ३० मीटर असेल तर करंट जाऊन-येऊन ६० मीटर धावतो. तांब्याच्या अडीचच्या (अडीच चौरस मिलिमीटर) वायरला किलोमीटरमागे साधारण ७.४ ओहम रोध असतो; १५ अँपिअरला जवळपास पावणेसात व्होल्ट वायरीतच जातात. चारची घातली तर चार व्होल्टच जातात. म्हणून १ एचपीला अडीच, २ एचपीला चार आणि ३ एचपीला सहाची वायर, असा माझा हिशेब आहे. ती मेनपासून वेगळी ओढायची. खोलीतल्या प्लगपॉइंटवरून काढायची नाही.

मग अर्थिंग. आपल्या काळ्या मातीचा गुण असा, की पावसाळ्यात ती इलेक्ट्रोडला घट्ट बिलगते आणि उन्हाळ्यात भेगाळून त्याच्यापासून सुटते. जुलैत तपासलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये बिनकामाचं झालेलं मी पाहिलंय. खड्डा घराच्या मोरीच्या पाण्याजवळ घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. नळाच्या पाइपाला अर्थ बांधायचा नाही. मधे प्लास्टिकचा तुकडा आला की संपलं.

रस्ते चार, चांगला एक

मोटरच बदलणं हा पहिला रस्ता, आणि मशीनला एकच मोटर पट्ट्यावर असेल तर तो कमी लेखू नका. ३ एचपीपर्यंत सिंगल फेज मोटरी सहज मिळतात. त्याच वेगाची, त्याच शाफ्टउंचीची घेतली तर पुलीही बदलावी लागत नाही. खेड्यात बिघाड झाला तर कंडेन्सर कोणीही बदलतो, ड्राइव्ह दुरुस्त करणारा मात्र शहरातच सापडतो. घरघंटीसारख्या कामाला मी हेच सुचवतो. मोटर मशीनच्या बॉडीतच बसवलेली असेल, वेग कमी-जास्त हवा असेल किंवा उलटसुलट फिरवायचं असेल तर मात्र हा रस्ता बंद.

दुसरा कंडेन्सरचा. मोटर डेल्टात जोडायची, दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल, तिसऱ्या टोकापासून त्यातल्या एकाला रनिंग कंडेन्सर. किलोवॅटला साधारण ७० एमएफडी (मायक्रोफॅरड), म्हणजे १ एचपीला ५० च्या आसपास, ४४० व्होल्ट एसीचा. तो दुसऱ्या टोकाला लावला की मोटर उलटी फिरते. सुरू करताना याच्या दुप्पट स्टार्टिंग कंडेन्सर दोन-तीन सेकंदांसाठी जोडावा लागतो आणि लगेच काढावा लागतो. मोटर दोन-तृतीयांश ताकदच देते, आणि तिन्ही वाइंडिंगांत करंट सारखा नसल्याने भार बदलला की गरम होते. बेंच ग्राइंडर, छोटं ड्रिल, पंखा, म्हणजे हलकं सुरू होणारं आणि थोडा वेळ चालणारं काम असेल तरच हा मार्ग. गिरणीला नाही, कडबाकुट्टीला तर मुळीच नाही. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका शिल्लक असतो, म्हणून त्याच्या टोकांवर डिस्चार्ज रेझिस्टर हवाच.

तिसरा फिरता कन्व्हर्टर : एक मोठी रिकामी मोटर सतत फिरवत ठेवायची आणि तिच्यापासून तिसरा फेज घ्यायचा. तीन-चार मशीनं असलेल्या वर्कशॉपला तो बरा. घरात त्याचा आवाज आणि रिकामी जळणारी वीज परवडत नाही.

चौथा व्हीएफडी, ज्याला सगळे नुसतं ड्राइव्ह म्हणतात. तो घरची एसी वीज आधी डीसी करतो, २३० चे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि मग त्यातून तीन फेज नव्याने घडवतो. शेतात सौर कृषिपंप बसला असेल तर तुम्ही हेच रोज बघताय : पॅनेलवरून डीसी येतो आणि कंट्रोलरमधून थ्री फेज निघून मोटर फिरते. ड्राइव्हमुळे मोटर हळूहळू सुरू होते, सुरू होतानाचा सहा-सात पट करंटचा झटका लागत नाही, म्हणून घरातले दिवे मिणमिणत नाहीत. सिंगल फेजवर मशीन चालवायचं तर माझं मत याच्याच बाजूचं.

ड्राइव्ह घेताना

दुकानदाराला एचपी सांगू नका, अँपिअर सांगा. इनपुट सिंगल फेज २२०-२४०, आउटपुट थ्री फेज २२०-२४०, आणि आउटपुट करंट मोटरच्या डेल्टातल्या करंटपेक्षा जास्त. जिंतूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई २ एचपीचं पल्व्हरायझर घेऊन आल्या होत्या. डेल्टातला करंट ५.९. दीड किलोवॅटचा ड्राइव्ह साधारण ७ अँपिअर देतो, म्हणजे कागदावर पुरला असता. पण पल्व्हरायझरचा रोटर जड, हळद कडक, एखादा हळकुंडाचा गोळा अडकला की करंट उसळतो. म्हणून त्यांना एक माप वरचा, २.२ किलोवॅटचा, १० अँपिअरवाला घ्यायला लावला. गिरणी, कुट्टी, पल्व्हरायझर यांना एक माप वरचा; ड्रिल, लेथ, पंखा यांना बरोबरीचा चालतो.

इनपुटचा करंट बघून लोक दचकतात. ड्राइव्हमधले कपॅसिटर लाटेच्या टोकालाच वीज ओढतात, त्यामुळे सिंगल फेजच्या बाजूने करंट आउटपुटच्या दुपटीहून जास्त दिसतो. पूर्ण भारावर १ एचपीला ८-१० अँपिअर, २ एचपीला १५ च्या आसपास, ३ एचपीला २० ते २४. मीटर ५-३० चा आहे हे आता आठवा. ३ एचपी काठावर आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

सिंगल फेज इनपुटचे ड्राइव्ह बहुतेक २.२ किलोवॅटला संपतात. त्यापुढे थ्री फेज इनपुटचा ड्राइव्ह दोनच टर्मिनलवर चालवता येतो, पण त्याच्या मापाच्या निम्म्याच मोटरला, आणि मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल तरच. २२० घेऊन ४१५ देणारे ड्राइव्हही मिळतात. डेल्टा-४१५ ची मोटर बदलता येत नसेल तर ते कामाला येतात. पण ५ एचपीला सिंगल फेजमधून लागणारा करंट घरच्या मीटरच्या बाहेर जातो, हे गणित कोणत्याही ड्राइव्हने बदलत नाही.

जोडणी

हे काम वायरमनचं, पण ते कसं व्हायला हवं ते तुम्हालाही माहीत असावं. मेन बंद, फेज टेस्टरने नाही तर मल्टिमीटरने खात्री. मोटरच्या स्टडचा फोटो आधी काढून ठेवा. मल्टिमीटरने तीन वाइंडिंगांचा रोध मोजा. तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध बघा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर वाळवल्याशिवाय पुढे जायचं नाही. पावसाळाभर गोठ्यात पडलेल्या मोटरीत हा आकडा नक्की कमी येतो.

बॉक्समध्ये खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२ असतात. स्टारमध्ये पट्ट्या वरच्या ओळीत आडव्या बसवलेल्या असतात. त्या काढा आणि तीन पट्ट्या उभ्या लावा : यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. झाली डेल्टा. नट गच्च आवळा. जुन्या मोटरीत ए, बी, सी अशी नावं असतात, किंवा नावंच नसतात. तेव्हा रिवाइंडरकडून टोकं ओळखून घ्या, अंदाजाने जोडू नका.

ड्राइव्हची वायरिंग अशी : मेन स्विच, वेगळा सी प्रकारचा एमसीबी (१ एचपीला १६, २ एचपीला २५, ३ एचपीला ३२ अँपिअर), आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच), ड्राइव्ह, मोटर. घराचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ड्राइव्हच्या फिल्टरमुळे विनाकारण पडतो. वैतागून तो काढून टाकू नका. ड्राइव्हची लाईन त्याच्या आधी वेगळी काढा आणि तिला स्वतःचा आरसीसीबी लावा. साधा एसी प्रकारचा इथे चालत नाही; सिंगल फेज ड्राइव्हसाठी एफ प्रकार बनवलेला असतो, आणि मॅन्युअलमध्ये जो सांगितला असेल तो घ्यावा. अर्थची वायर ड्राइव्हपासून थेट मोटरच्या बॉडीपर्यंत.

इनपुट एल-एन किंवा आर-एस-टी लिहिलेल्या टर्मिनलला, मोटर यू-व्ही-डब्ल्यूला. माझा पहिला ड्राइव्ह मी याच ठिकाणी उडवला. रात्रीची वेळ, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि मी फेज यू-व्हीला देऊन बसलो. फट्‌ आवाज आला, काळा धूर आला. वॉरंटीत हे बसत नाही हे मला तेव्हा कळलं.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काहीही घालायचं नाही. स्टार्टर नाही, कंडेन्सर नाही, लेथचा उलटसुलट फिरवायचा ड्रम स्विच नाही. चालत्या ड्राइव्हचं आउटपुट मधेच तोडलं-जोडलं की आतले ट्रान्झिस्टर जातात. मशीनची बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. पुढे-मागे फिरवणं ड्राइव्हच करतो. आत हात घालायचा असेल तर मेन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, कपॅसिटरमधले ३२५ व्होल्ट लगेच उतरत नाहीत.

ड्राइव्ह कुठे बसवायचा यावर आपल्याकडे कोणी विचार करत नाही. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेचे असतात. मे महिन्यात परभणीत सावलीतच त्याहून जास्त तापतं, पत्र्याच्या शेडमध्ये विचारूच नका. शिवाय पीठ, हळद, मिरचीची धूळ पंख्यातून आत ओढली जाते आणि हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) थर बसतो. ड्राइव्ह शेडमध्ये नको, लगतच्या खोलीच्या भिंतीवर लावा. उभा, वर-खाली वीतभर मोकळी जागा ठेवून. बटणं तेवढी मशीनपाशी.

सेटिंग

मॅन्युअलमधले आकडे कंपनीगणिक वेगळे, पण भरायचं तेच असतं :

– मोटरचे व्होल्ट २३०, फ्रिक्वेन्सी ५०, फेरे प्लेटप्रमाणे, करंट डेल्टातला. हा करंट नीट भरला तरच ड्राइव्ह मोटरचं ओव्हरलोडपासून रक्षण करतो.
– वेग घ्यायचा वेळ ड्रिलला ३-५ सेकंद, गिरणी-पल्व्हरायझरला १०-१५.
– थांबताना जड मशीन मोकळं सोडा. जबरदस्तीने लवकर थांबवलं तर मोटर जनरेटर होते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो.
– कमीत कमी २०-२५ हर्ट्झ. त्याखाली मोटरचा स्वतःचा पंखा इतका हळू फिरतो की वारा लागत नाही. जास्तीत जास्त ५०.
– लाईट आल्यावर आपोआप सुरू होणं : बंद.

शेवटच्या ओळीवर थांबतो. आपल्याकडे लाईट जाते, माणूस कुट्टीच्या तोंडात अडकलेली पेंडी हाताने ओढायला लागतो, आणि लाईट येते. एका गोठ्यात मी हे डोळ्यांसमोर होता होता वाचलेलं पाहिलंय. त्या माणसाने हात काढून कपाळाचा घाम पुसला आणि त्याच क्षणी पाती फिरली. त्यामुळे एकदा टाकला की चालूच राहणारा स्विच नको. दाबून सोडायचं हिरवं बटण आणि लाल बटण, अशी तीन वायरींची जोडणी करा, म्हणजे लाईट आली तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय मशीन हलणार नाही. लाल बटण हाताच्या टप्प्यात असावं, मागच्या भिंतीवर नव्हे.

२३० घेऊन २३० देणारा साधा ड्राइव्ह व्होल्टेज वाढवू शकत नाही, हेही समजून घ्या. लाईन १९० वर असेल तर मोटरला १९० च मिळतील आणि तिची ओढ जवळपास एक-तृतीयांश कमी होईल. अशा वेळी फ्रिक्वेन्सी ४१-४२ वर आणली तर वेग कमी होतो पण ओढ टिकते. दळण हळू निघतं, मोटर जळत नाही.

पहिल्यांदा चालवताना

पट्टा काढून ठेवा. मोटर रिकामी २५ हर्ट्झवर फिरवा, दिशा बघा. उलटी असेल तर यू-व्ही-डब्ल्यूपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, अर्थातच मेन बंद करून आणि दहा मिनिटं थांबून. ५० वर न्या, आवाज ऐका, बेअरिंग खरखरतंय का बघा. मग पट्टा चढवा, मशीन रिकामंच दहा मिनिटं फिरवा. शेवटी माल, तोही मूठमूठ. करंट ड्राइव्हच्या डिस्प्लेवरच वाचा. साधा क्लॅम्प मीटर ड्राइव्हच्या आउटपुटवर चुकीचा आकडा दाखवतो. करंट प्लेटच्या हिशेबापेक्षा वर जात असेल तर भरणी कमी करा.

ताईंच्या पल्व्हरायझरला पहिल्या दिवशी ५.२ अँपिअर येत होते, दुसऱ्या आठवड्यात ६.५. मोटरीत काहीच नव्हतं. हळद नीट वाळलेली नव्हती, जाळी चोंदली होती.

कागद

मशीन लावण्याआधी मंजूर भार वाढवून घ्या. महावितरणकडे हा अर्ज ऑनलाइन करता येतो. घराच्या एका भागात धंदा चालवणाऱ्यांसाठी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात सवलत आहे : महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. त्यापलीकडे पिठाची गिरणी, डाळ मिल, मसाला कांडप हे औद्योगिक दरात येतात. तो दर ऐकून घाबरू नका, स्लॅब चढलेलं घरगुती बिल काही वेळा त्याच्याही पुढे जातं. शेतीच्या मोटरची थ्री फेज लाईन ओढून गिरणी चालवायचा मोह अनेकांना होतो. ज्या कारणासाठी वीज दिली त्याशिवाय दुसऱ्यासाठी वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते; आकडा टाकला तर कलम १३५, म्हणजे चोरी. स्वतःच्या शेतीपुरता चालवलेला कडबा कटर मात्र शेतीच्या दरात बसतो.

५ एचपीवाल्यांनी आधी घरासमोरच्या पोलकडे मान वर करून बघावं. दोनच तारा असतील तर त्या पोलवर थ्री फेज नाही. चार-पाच तारा असतील तर काम सर्व्हिस वायर आणि मीटरपुरतंच आहे. जागेचा पुरावा (नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती), ओळखपत्र आणि लायसनधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट घेऊन अर्ज करा. थ्री फेज तारा चार पोल मागे असतील तर आधी लाईन वाढवण्याचं अंदाजपत्रक काढून घ्या आणि मग ड्राइव्हच्या किमतीशी तुलना करा.

मशीन चालू झाल्यावर महिन्याभराने एकदा डेल्टाच्या पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा. थरथरीने ते ढिले होतात आणि ढिला नट जळतो. दर पंधरा दिवसांनी मेन बंद करून ड्राइव्हचा हीटसिंक ब्लोअरने साफ करा, हळद-मिरची दळत असाल तर आठवड्याला. हंगाम संपून ड्राइव्ह सहा-आठ महिने बंद राहिला असेल तर मोटर न चालवता तासभर नुसता चालू ठेवा, मग पट्टा चढवा.